येते हं

१

खोलीतून बाहेर पडताना 'येते हं' म्हणायची क्षितिजाची सवय होती. खोलीत माणूस असो की नसो. सोलापूरला आईने लहानपणी लावलेली सवय. दारातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, जातो तो परत न येणारा. कॉलेजात मैत्रिणींनी चेष्टा केली, लग्नानंतर वर्षभर सलीलने केली, आणि पुढे तोही बिनबोभाट 'येतो' म्हणायला लागला. स्वभावाला औषध नाही म्हणतात. सवयीला शोधलं तर सापडतं, पण असल्या निरुपद्रवी सवयीला कोण कशाला औषध शोधणार?

२०२१चा जानेवारी चालू होता. आयर्लंडमध्ये पुन्हा एकदा सगळं बंद झालं होतं, शाळासुद्धा. नास गावच्या त्यांच्या घरात दुपारी चारलाच दिवे लागायचे. सलील डॉक्टर. नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच त्याला कोविडने गाठलं आणि तो वरच्या मजल्यावरच्या चिंचोळ्या बॉक्सरूममध्ये स्वतःला कोंडून बसला. क्षितिजा त्याचं ताट दाराशी ठेवायची, दार वाजवायची, 'येते हं' म्हणून जिन्याकडे वळायची. मग आतून खोकल्याच्या मागून उत्तर यायचं, 'ये'. ते 'ये' ऐकल्यावरच ती पहिली पायरी उतरायची. माणूस बोलतोय म्हणजे त्याला श्वास पुरतोय, एवढा धीर तिला त्यातून मिळे.

खाली डायनिंग रूममध्ये आणखी एक पाहुणा होता. क्षितिजा कापडाचं रसायनशास्त्र शिकलेली. गावातल्या एका छोट्या खाजगी संग्रहालयात जुने नाटकी पोशाख जतन करायचं काम करायची. डिसेंबरात तिथली हीटिंग बंद पडली आणि दुरुस्तीला कुणी येईना. मग संग्रहालय चालवणारी नोरीन एक लांबलचक पेटी गाडीत घालून थेट दारातच येऊन उभी राहिली. दमट जागेत हा टिकायचा नाही, तुझ्या घरी ऊब आहे, इथेच कर काम, असं मास्कमधून ओरडून सांगून ती गेली. पेटीत दीडशे वर्षांपूर्वीचा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला बॅलेचा पोशाख होता.

२

पोशाख पाहून कुणाचीही नजर खिळली असती. वर घट्ट चोळी, खाली पोटऱ्यांपर्यंत येणारा पांढरा घेर, थरावर थर, जवळ जाऊन श्वास सोडला तरी हलेल असा. प्रत्यक्षात कापड अगदी मामुली. विरळ विणीच्या स्वस्त मलमलीला खळ लावून ताठ केलेलं. टार्लटन म्हणत त्याला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण गॅसच्या दिव्यांत हेच कापड धुक्यासारखं दिसायचं, आणि पोरी त्या धुक्यातून तरंगत जाताहेत असं लोकांना वाटायचं.

ते दिवे उघडे असत. रंगमंचाच्या कडेला जमिनीवर ओळीने, आणि विंगेत शिडीसारखे उभे. गिरकी घेताना घेर ज्योतीला लागला की कागदासारखा पेटायचा. त्यावर तोडगा नव्हता असं नाही. कापड तुरटीच्या पाण्यात बुचकळून काढलं तर ते सहजी पेट घेत नाही. पण तुरटीने पांढरा रंग पिवळट पडे, घेर पुठ्ठ्यासारखा होई, तरंगेनासा होई. नाचणाऱ्या मुलीच नको म्हणत. मग विंगेत एक ओलं ब्लँकेट टांगून ठेवत आणि त्याच्याजवळ कुणाला तरी उभं करत. मुलगी पेटली की त्याने ते घेऊन धावायचं. एवढाच काय तो बंदोबस्त, आणि त्याच्या भरवशावर त्या पोरी रोज हसत हसत नाचायला जायच्या. हे आठवलं की क्षितिजाला संताप यायचा.

या पोशाखात तुरटी आहे का, हे पाहणं तिचं पहिलं काम होतं, कारण तुरटी वर्षानुवर्षं कापड आतून खात राहते. सुटून पडलेला एक धागा पाण्यात घालून तिने तपासला. तुरटी नव्हती. म्हणजे ही मुलगीही नको म्हणाली होती. पोशाखाला मात्र कुठे होरपळ नव्हती, ठिणगीएवढं भोक नव्हतं. फक्त चोळीच्या आत, पाठीकडचं अस्तर तपकिरी पडलं होतं. घाम असेल, असं तिने ठरवून टाकलं.

अंधारून आलं की ती पोशाखावर पातळ कागद पांघरायची, टेबलावरचा दिवा मालवायची आणि दार ओढता ओढता म्हणायची, "येते हं."

३

एकदा ती अशी बाहेर आली तर दाराशी स्वरांगी उभी. लेक सात वर्षांची. मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्लिश, तेही अस्सल आयरिश वळणाचं. आई म्हणजे 'मॅम', कपाट म्हणजे 'प्रेस', आणि जगातलं जे जे बरं ते सगळं 'ग्रँड'. सोलापूरची आजी व्हिडिओवर किती लाडीगोडी लावायची, पण पठ्ठीच्या तोंडून मराठी अक्षर निघेल तर शपथ.

निघून जायचं असताना तू 'येते' का म्हणतेस, असं तिने विचारलं. क्षितिजाने सांगितलं, की जाते म्हणायचं नसतं. येते म्हणजे मी परत येईन असा शब्द दिला.

"अँड देन यू हॅव टू कम?"

"हो तर. म्हटलं की यायचंच. आणि मागे राहतो तो म्हणतो, 'ये'."

स्वरांगीने मान हलवली, जणू हे तिला आधीच ठाऊक होतं. मग तिने विचारलं, की मग तू थांबत का नाहीस? ती 'ये' म्हणते तेव्हा तू निघून गेलेली असतेस.

ती कोण, असं क्षितिजाने विचारेपर्यंत पोरगी पुढच्या सिटिंग रूममध्ये पळाली होती. तिचा बॅलेचा क्लास लॅपटॉपवर सुरू होत होता. खोलीत आता टीचरचा आवाज आणि पियानो घुमायला लागला.

क्षितिजा शिकलीसवरलेली बाई. तिने लगेच हिशेब लावला. इथल्या घरांच्या भिंती पोकळ, वर शिंकलं तर खाली ऐकू येतं. बाबाचं 'ये' पाइपांमधून उतरून डायनिंग रूममध्ये ऐकू आलं असणार. बाबाची 'ती' कशी झाली, एवढं मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

४

वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, हॉट प्रेस होतं. गरम पाण्याची टाकी ज्यात असते ते कपाट. तिच्या उबेत टॉवेल, चादरी कोरड्या ठेवायच्या. त्या पावसाळी देशात अख्ख्या घरातली सर्वांत कोरडी जागा तीच. आईने दिलेली जाड सोलापुरी चादर क्षितिजा तिथेच ठेवायची.

एके सकाळी सलीलसाठी टॉवेल काढताना तिचा हात चादरीला लागला आणि दचकून मागे आला. चादर ओली होती. दमट नव्हे, ओली. नुकती बादलीतून काढल्यासारखी, न पिळलेली. वरचे टॉवेल कोरडे, खालची उशांची कव्हरं कोरडी. मधली चादर तेवढी ठिबकत होती.

टाकी गळत असेल. तिने प्लंबरला व्हिडिओवरून कपाटाचा कोपरा न् कोपरा दाखवला. कुठेच थेंब नाही, सगळं ग्रँड आहे, असं तो म्हणाला. तिने चादर पिळली, हीटरवर वाळवली, घडी करून जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओली होती.

स्वरांगीला विचारलं तर तिने मी नाही म्हणून सांगितलं, आणि त्या पोरीला खोटं बोललेलं लपवता येत नसे. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्या दिवशी झाल्या नाहीत.

सलीलच्या बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचे आकडे खाली येत होते. क्षितिजा त्या काळजीत, आणि चादरीसारखी गोष्ट त्याला सांगायची तरी कशी? तिने ती पुन्हा वाळवली. पुढच्या खेपेला चादर हॉट प्रेसमध्ये नव्हतीच. जिन्याच्या कठड्यावर होती, नीट लांब टांगलेली, एका हाताने ओढून घेता यावी अशी. खालच्या पायऱ्यांवर पाणी टपकत होतं.

विंगेतलं ब्लँकेट तिला तेव्हा आठवलं. आठवल्यावर तिने स्वतःला झापलंही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, नवरा आजारी, झोप नाही, आणि दिवसभर डोक्यात जळणाऱ्या पोरी. मीच कधीतरी झोपेच्या गुंगीत भिजवत असेन, असं तिने मानून घेतलं. तेवढं मानलं की बाकीचं काही मानावं लागत नव्हतं.

तरी तिने नोरीनला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की हा पोशाख होता कुणाचा? नोरीनला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही, म्हणाली. एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर सापडला, तोही आतली बाजू बाहेर काढलेला, घाईघाईने कुणीतरी अंगावरून ओरबाडून काढावा तसा.

त्या संध्याकाळी डायनिंग रूम बंद करताना क्षितिजाने ओठ घट्ट मिटले होते. दार लागलं, ती वळली, आणि सवयीने तोंडून निघून गेलंच, "येते हं." तिचं तिलाच ऐकू आलं. या वेळीही ती थांबली नाही; जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाच भांडी घासत बसली.

५

तिच्या घरात एक नियम कडक होता. सिटिंग रूममध्ये भिंतीत गॅसची शेगडी होती, खऱ्या ज्योतीची, पुढे गुडघ्याएवढी जाळी. स्वरांगी घरात एकटी खाली असताना ती लावायची नाही. आणि क्लासच्या वेळी तर कध्धीच नाही, कारण पोरीचा नाचाचा झगा नायलॉनच्या जाळीचा.

दोन दिवसांनी, चार वाजून गेले असतील, ती सलीलचा चहा घेऊन वर गेली. खाली पियानो वाजत होता. सलीलचा आवाज त्या दिवशी जरा बरा होता. तिने दाराबाहेरूनच त्याच्याशी चार शब्द बोलून घेतले, रिकामा कप उचलला आणि म्हणाली, "येते हं."

"ये."

आवाज खालून आला.

बारीक, कोरडा आवाज होता. शब्द आपला, पण तो उच्चारणाऱ्याचा नव्हता. पुष्कळदा ऐकून पाठ केल्यासारखा. बॉक्सरूमच्या दारामागे सलीलची खुर्ची करकरली.

"क्षितिजा, खाली कोण आहे गं? स्वरांगी मराठी बोलायला लागली?"

पियानो थांबला होता. कधी थांबला, ते तिला सांगता आलं नसतं. खाली पावलं मात्र वाजत होती. चवड्यांवर टेकणारी, हलकी, एकाच जागी गोल गोल फिरणारी. तिने नीट कान दिला. एकाच्या मागे दुसरं, अर्ध्या क्षणाने.

ती जिना उतरली. उतरली म्हणजे घसरत आली. सिटिंग रूमच्या दाराच्या मुठीला सोलापुरी चादर टांगलेली होती आणि तिच्याखाली पाण्याचं थारोळं झालं होतं.

आत दिवा नव्हता. लॅपटॉप मिटलेला. शेगडी पेटलेली, जाळी बाजूला सारलेली, आणि शेगडीला लागूनच स्वरांगी गिरक्या घेत होती. प्रत्येक गिरकीला झग्याची जाळी ज्योतींच्या अंगावरून जात होती. सिटिंग रूम आणि डायनिंग रूम यांच्यामध्ये काचेची दारं होती. काचेत शेगडी दिसत होती, स्वरांगी दिसत होती, आणि स्वरांगीच्या पलीकडे आणखी एक घेर फिरत होता. तो रुंद होता, पोटऱ्यांपर्यंत होता, आणि त्याची खालची कड उजळलेली होती.

मग स्वरांगी फिरत राहिली आणि तो घेर थांबला. त्याच्या वर दोन हात पुढे झाले. नाचातले नव्हते ते हात. पाण्यात पडलेल्याने काठावरच्या माणसाकडे करावेत तसे ते क्षितिजाकडे केलेले होते.

क्षितिजाने चादर ओढली आणि धावली. लेकीला तिने चादरीत गुंडाळलं, खाली पाडलं, स्वतः वर पडली. नायलॉन वितळल्याचा वास आला. झग्याची कड आत वळून काळी पडली होती, पण पोरीच्या कातडीला काही झालं नव्हतं. तिने ते हातांनी चाचपून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग लाथेनेच शेगडीचं बटण बंद केलं. मान वर केली तेव्हा काचेत फक्त अंधार होता. त्या अंधारात, पलीकडे, काहीतरी हळूच जमिनीवर बसल्यासारखा आवाज झाला; खळ लावलेलं कापड दुमडतं तसा.

मन चिंती ते वैरी न चिंती, पण हे तिच्या मनानेही चिंतलं नव्हतं. शेगडी का लावलीस, असं तिने विचारलं. उजेड खालून यायला हवा, असं उत्तर मिळालं. आणि चादरीतून धडपडत बाहेर येत स्वरांगी तिच्याकडे रागाने पाहायला लागली. कुणी आपलं हातचं काम बिघडवल्यावर पाहतात तसं.

"रॉंग वन, मॅम," ती म्हणाली. "यू गॉट द रॉंग वन."

६

नोरीन दुसऱ्या दिवशी सकाळी आली. घरात आजारी माणूस आहे, मला जमत नाही, एवढंच कारण क्षितिजाने दिलं होतं आणि नोरीनला ते पुरलं.

गाडी दारात लागायच्या आधी क्षितिजा पेटीपाशी उभी राहिली. कागद होता तसाच होता, घेर होता तसाच होता. तिला आता एकच गोष्ट करायची होती. रोज ती या खोलीत एक शब्द देऊन गेली होती आणि जेव्हा यायची वेळ आली तेव्हा दुसरीकडे धावली होती. कुठलीही आई तेच करील. त्याबद्दल तिला पश्चात्ताप नव्हता. पण शब्द अजून पडलेला होता, तो परत घ्यायला हवा होता.

वर सलील खोकत होता. आजारी नवरा घरात असताना तो शब्द तोंडातून काढायचा, या विचारानेच तिची जीभ टाळ्याला चिकटली. आईने ऐकलं असतं तर तोंडावर हात ठेवला असता. तिने डोळे मिटले.

"जाते," ती म्हणाली. "मी जाते."

कुणी 'ये' म्हटलं नाही. तिने पेटीचं झाकण लावलं. मागे वळली तर जिन्याच्या खालच्या पायरीवर स्वरांगी बसलेली होती, दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन.

नोरीनने आणि क्षितिजाने मिळून पेटी गाडीत चढवली. मागचं दार लावायच्या आधी स्वरांगी पायांत आईच्या चपला अडकवून बाहेर आली, गाडीत वाकली आणि पेटीच्या लाकडाला तोंड लावून काहीतरी पुटपुटली. नोरीन हसली, किती गोड पोर आहे म्हणाली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि क्षितिजाने घरात येऊन सगळ्या खिडक्या उघडल्या, थंडीची पर्वा न करता.

७

त्यानंतर घर नीट झालं. सलीलचे आकडे चढले. विलगीकरणाची मुदत संपली आणि दाढी वाढलेला, चार किलो उतरलेला तो जिना धरून धरून खाली आला. किती दिवसांनी तिघं एका टेबलावर जेवणार होती. क्षितिजाने वरणभात, बटाट्याची भाजी केली. सलील म्हणाला, पानं मी घेतो, तू बस. ती कुठली बसते? खुर्चीवर त्याच्या पाठीशी घ्यायला काही तरी ऊबदार आणते म्हणून ती वर गेली.

हॉट प्रेस उघडताना तिचा हात जरासा अडखळलाच. सोलापुरी चादर घडी घालून ठेवली होती तशीच होती. तिने ती दोन्ही हातांनी दाबून पाहिली, गालाला लावली. कोरडी होती, टाकीच्या उबेने कोमट झालेली. ती तशीच, चादरीत तोंड खुपसून, थोडा वेळ उभी राहिली.

मग तिच्या पायावर थेंब पडला.

खालच्या फळीवर, भिंतीशी सारून, स्वरांगीचं छोटं ब्लँकेट होतं. मेंढ्यांची चित्रं असलेलं, जन्मापासूनचं. ते ओलं होतं. पाणी फळीच्या कडेवरून ओघळून खाली येत होतं.

"लीव्ह इट, मॅम."

स्वरांगी मागेच उभी होती. हात धुऊन, केस विंचरून, जेवायला तयार. ते मला लागेल, वाळवू नकोस, असं ती इंग्लिशमध्ये अगदी समजुतीने म्हणाली. कशाला लागेल, असं क्षितिजाने विचारलं. तेव्हा पोरीने सगळं नीट समजावून सांगितलं. मॅम, तू तिला जाते म्हणालीस. तू येणार नाहीस हे तिला कळलं. ती रडत होती. मग कुणीतरी म्हणायला नको का?

"तू काय म्हणालीस?" क्षितिजाने विचारलं. "स्वरांगी, पेटीपाशी काय म्हणालीस तू?"

ज्या पोरीने सात वर्षांत आजीला एक मराठी शब्द दिला नव्हता, तिने मान थोडी तिरकी केली आणि हुबेहूब आईच्या चालीवर म्हटलं, "येते हं."

तिच्या कानाच्या पाळ्या गोऱ्याच्या गोऱ्या होत्या.

खाली सलीलने पानं मांडली होती. वाट्यांचा आवाज येत होता. दोघी अजून वर काय करताहेत म्हणून त्याने जिन्यापाशी येऊन हाक मारली, "अगं, वरण निवतंय. येताय ना?"

क्षितिजाने तोंड उघडलं. रोजचाच शब्द होता, पण तिला तो म्हणता येईना.